लॅपटॉपवर चहा सांडला तर: आत नेमकं काय होतं आणि काय करायचं

कप कलंडतो, चहा किबोर्डच्या फटींमध्ये दिसेनासा होतो आणि स्क्रीन मात्र तशीच उजळलेली राहते. फसगत होते ती इथेच. काही बिघडलेलं नाही असं वाटून माणूस आधी टेबल पुसतो, कागद उचलतो, उघडी असलेली फाइल सेव्ह करतो. माझ्या बहिणीने नेमकं हेच केलं. तिचा लॅपटॉप त्या रात्री चालला, दुसऱ्या दिवशी चालला, आठवडाभर चालला आणि बाराव्या दिवशी सकाळी सुरूच झाला नाही. चहा सांडण्याचा आणि याचा काही संबंध असेल हे तिला पटेना. "तो तर केव्हाच वाळला होता," असं तिचं म्हणणं.

मी तो उघडला आणि भिंग लावून मदरबोर्ड पाहिला. मदरबोर्ड म्हणजे लॅपटॉपचे सगळे महत्त्वाचे भाग ज्यावर जोडलेले असतात ती मोठी हिरवी किंवा काळी पाटी. तिच्या एका कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, तपकिरी डाग वाळून चिकटला होता. डागाच्या कडेला एका चिपच्या पायांभोवती पांढरी-हिरवी भुकटी जमली होती. कापसाच्या काडीने ती हलकेच पुसली तर खालचा एक पाय भुकटीबरोबर निघून आला. तिथे धातू उरलाच नव्हता.

बारा दिवसांत त्या कोपऱ्यात काय चालू होतं ते समजलं, की सांडल्यावर काय करायचं आणि काय टाळायचं हे पाठ करावं लागत नाही.

## आत्ताच सांडलं असेल तर आधी एवढं करा

चार्जर लावलेला असेल तर भिंतीवरचं बटण बंद करा आणि मगच पिन काढा. ओल्या हाताने लॅपटॉपकडची पिन उपसू नका. लगेच लॅपटॉपचं पॉवर बटण दाबा आणि स्क्रीन काळी होईपर्यंत दाबून धरा, साधारण दहा सेकंद. मेनूत जाऊन नीट बंद करण्यात वेळ घालवू नका. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा. माउस, पेनड्राइव्ह, जे काही जोडलंय ते काढा.

मग वरवरचं पाणी कापडाने टिपून घ्या. टिपून घ्या, चोळू नका, कारण चोळल्याने ते फटीत ढकललं जातं. नंतर लॅपटॉप टॉवेलवर पालथा उभा करा. वाचता वाचता उठावं लागलं की आपण पुस्तक उघडंच पालथं घालतो ना, तसा. बिजागरी वर आणि किबोर्ड व स्क्रीन आतल्या बाजूला. असा ठेवला की किबोर्डमधलं पाणी ज्या वाटेने आत गेलं त्याच वाटेने बाहेर येतं, खालच्या मदरबोर्डकडे उतरत नाही. उचलून हलवणं, झटकणं, डावीकडे-उजवीकडे कलवून पाहणं यातलं काही नको. एका कोपऱ्यात असलेलं पाणी त्याने सगळीकडे फिरतं.

बॅटरी फुगलेली दिसली, फुसफुस आवाज आला किंवा गोडसर रासायनिक वास आला तर लॅपटॉपचा विचार सोडा आणि दूर व्हा. लिथियमची बॅटरी पेटली तर घरच्या घरी आटोक्यात येत नाही.

एवढं झालं की पुढचं सावकाश वाचा. बटण पुन्हा दाबू नका.

## पाण्यातून वीज जाते म्हणजे काय?

अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळपास जातच नाही. चिप बनवणाऱ्या कारखान्यांत जे अतिशुद्ध पाणी वापरतात ते विजेला इतका विरोध करतं, की त्याला विजेचा वाहक म्हणणंच चुकीचं ठरेल. पण असं पाणी आपल्या पेल्यात कधी नसतं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार विरघळलेले असतात आणि विरघळताना त्यांचे विद्युतभार असलेले कण होतात. या कणांना आयन म्हणतात.

नदी डोळ्यांसमोर आणा. पलीकडे जायला माणसं उभी आहेत, पण होडी एकही नाही. मग कोणी जाऊ शकत नाही. शुद्ध पाणी म्हणजे अशी नदी. आयन म्हणजे होड्या. जितक्या जास्त होड्या तितकी वाहतूक जास्त. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून तिथे होड्यांची नुसती गर्दी असते आणि नळाच्या पाण्यापेक्षा त्यातून वीज शेकडो पटींनी सहज वाहते.

आता मदरबोर्डवर या. तिथे विजेच्या वाटा एकमेकींना इतक्या खेटून असतात, की दोन टोकांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचंही अंतर नसतं. एक थेंब अशा आठ-दहा टोकांवर एकदम पसरतो. ज्या वाटा कधीच एकमेकींना भेटायच्या नव्हत्या त्या भेटतात आणि वीज आडवाटेने धावते. यालाच शॉर्ट सर्किट म्हणतात.

यातली एक जागा खास घातकी आहे. स्क्रीनची केबल जिथे बोर्डाला जोडते तिथे स्क्रीनमागच्या दिव्यांना लागणारी वीज येते. ती वीस-तीस व्होल्टची असते, काही लॅपटॉपमध्ये पन्नासच्या आसपास. तिच्या शेजारच्या बारीक टोकांवर चित्राची माहिती जात असते आणि त्या तारा थेट प्रोसेसरपर्यंत, म्हणजे सगळी आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपपर्यंत, पोचतात. प्रोसेसर स्वतः जेमतेम एक व्होल्टवर चालतो. थेंब बरोबर त्या जागी पडला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत प्रोसेसर जातो आणि मग दुरुस्ती उरत नाही. सुदैवाने असं रोज घडत नाही. बहुतेक लॅपटॉप सावकाश मरतात.

## बंद केलेला लॅपटॉप खरंच बंद असतो का?

नसतो, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. नळ बंद केला तरी पाइपात पाणी दाबाने उभंच असतं. तसंच इथे. बॅटरी आतून बोर्डाला जोडलेली आहे तोवर तिचे साधारण अकरा-बारा व्होल्ट बोर्डाच्या दारापर्यंत आलेले असतात. शिवाय पॉवर बटण दाबलं गेलंय की नाही याकडे लक्ष ठेवणारी छोटी चिप, झाकण उघडल्याचं ओळखणारा सेन्सर, आतलं घड्याळ यांना बंद अवस्थेतही वीज लागते. त्यासाठी बहुतेक बोर्डांवर ३.३ व्होल्टची एक वाट कायम जिवंत असते. झाकण मिटून लॅपटॉप नुसता झोपवला असेल तर याहून कितीतरी जास्त भाग जागे असतात.

म्हणून बटण दाबून बंद करणं ही पहिली पायरी झाली. बॅटरीची जोडणी सोडवली जाते तेव्हाच लॅपटॉप खऱ्या अर्थाने बंद होतो.

## त्या बारा दिवसांत काय चालू होतं?

भांड्यावर धातूचा मुलामा चढवताना काय करतात? क्षार विरघळवलेल्या पाण्यात धातूचे दोन तुकडे बुडवतात आणि त्यांना वीज जोडतात. एका तुकड्याचा धातू विरघळतो, पाण्यातून प्रवास करतो आणि दुसऱ्यावर जाऊन बसतो. बहिणीच्या लॅपटॉपमध्ये हाच कारखाना सुरू झाला होता. पाणी चहाचं, दोन तुकडे म्हणजे चिपचे शेजारशेजारचे दोन पाय, आणि वीज ती कायम जिवंत असणारी ३.३ व्होल्टची.

पाण्याचं विजेने विघटन व्हायला सिद्धांताप्रमाणे १.२३ व्होल्ट पुरतात. बोर्डावर त्याच्या दुप्पट-तिप्पट व्होल्ट तर हाताशीच असतात. त्यामुळे एका पायाचं तांबं आणि कथील हळूहळू झिजत जातं, त्याचे क्षार भुकटीसारखे जमतात, आणि कधीकधी विरघळलेला धातू दुसऱ्या पायाकडून झाडाच्या फांद्यांसारखा वाढत परत येतो. भरपूर ओल असेल तर या फांद्या काही मिनिटांतही वाढतात. त्या समोरच्या टोकाला टेकल्या की पुन्हा शॉर्ट सर्किट, तेही वरून सगळं कोरडं दिसत असताना.

पण चहा तर वाळला होता ना? टेबलावरचा वाळला होता. चिपच्या पोटाखालची फट केसाइतकी बारीक असते. तिथे शिरलेलं पाणी पृष्ठताणाने (पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून राहतात त्याने) धरून ठेवलं जातं, वारा पोचत नाही, आणि ते दिवसचे दिवस टिकतं. पाणी गेल्यावरही साखर आणि क्षार मागे राहतात. साखर स्वतः वीज वाहून नेत नाही, पण हवेतली ओल ओढून घेते आणि तिच्या बरोबरच्या क्षारांना पुन्हा ओलं करते. दमट दिवशी कारखाना परत सुरू.

## साधं पाणी, चहा, शीतपेय: फरक पडतो का?

खूप पडतो. साधं पाणी त्यातल्या त्यात बरं. बिनसाखरेची काळी कॉफी त्यानंतर. दूध घातलं की त्यातले क्षार, प्रथिनं आणि स्निग्धांश असं तिहेरी लचांड येतं. शीतपेयांत साखरेच्या जोडीला फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल असतं, म्हणजे धातू झिजवायला विजेचीही वाट पाहावी लागत नाही. समुद्राचं पाणी सगळ्यांत वाईट. तिथे एक दिवसही थांबू नये.

## तांदळात ठेवायचं की नाही?

नाही. हा उपाय फोनवरून लॅपटॉपवर आला आणि फोनसाठीही तो चुकीचाच होता. फोन तांदळात ठेवू नका, बारीक कणांनी तो खराब होऊ शकतो, असं अ‍ॅपलने २०२४ मध्ये आपल्या मदतपानावर स्पष्टच लिहिलं.

कारण साधं आहे. साठवलेल्या तांदळाच्या दाण्यात मुळातच बारा-तेरा टक्के पाणी असतं. तो काही तहानलेला नसतो. शिवाय लॅपटॉपच्या बाहेर पडलेला तांदूळ आतल्या चिपखालचं पाणी ओढणार कसा? मधे हवा आहे, पत्रा आहे, प्लास्टिक आहे. उलट तांदळात गाडलेल्या लॅपटॉपला उघड्यावर ठेवलेल्यापेक्षा वारा कमीच मिळतो, आणि पीठ पंख्यात व फटींत शिरतं ते वेगळं. "पण माझ्या ओळखीत एकाचा तांदळाने वाचला," असं कोणीतरी हमखास सांगतं. तो वाचला असेलही. पण वाचला तो दोन दिवस कोणी बटण दाबलं नाही म्हणून.

## हेअर ड्रायर, ऊन, हीटर?

हेतू चांगला असतो, परिणाम नाही. गरम झोताने पाण्याचा थोडा भाग उडतो आणि बाकीचा आणखी आत ढकलला जातो. बटणांचं प्लास्टिक वाकतं. लिथियम बॅटरीला ६० अंश सेल्सियसच्या वर नेणं धोक्याचं असतं आणि ड्रायरचा झोत ते सहज गाठतो. साखर असलेलं पेय असेल तर उष्णतेने ती पक्की चिकटते. टेबलफॅनचा साधा, थंड वारा पुष्कळ.

## विजेची वस्तू आणि धुवायची?

सगळ्यांत जास्त विरोध याला होतो आणि तो समजण्यासारखा आहे. ज्या पाण्याने नुकसान केलं त्याच्या जागी पुन्हा काहीतरी ओतायचं?

पण सुका लॅपटॉप आणि स्वच्छ लॅपटॉप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शर्टावर सांडलेला चहा वाळू दिला तर ओल जाते, डाग राहतो. बोर्डावरचा डाग म्हणजे थांबलेला कारखाना, थोडी ओल मिळाली की पुन्हा सुरू होणारा. तो काढावाच लागतो. बोर्डाला पाण्याचं वावडं नसतं. अनेक बोर्ड कारखान्यात जोडणी झाल्यावर क्षारमुक्त पाण्याने धुतलेच जातात. विजेशिवाय धुणं आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच वीज देणं, एवढ्या दोन अटी पाळाव्या लागतात.

दुरुस्ती करणारे यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, ९९ टक्क्यांचं. ते पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यामुळे चिपखालचं पाणी आपल्याबरोबर बाहेर घेऊन येतं. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा असतो, म्हणून जिथे पाणी अडकून बसतं तिथे ते सहज आत-बाहेर करतं. आणि भराभर उडून जातं. चिकट पेय असेल तर आधी डिस्टिल्ड पाण्याने साखर विरघळवून काढतात, कारण साखर अल्कोहोलात नीट विरघळत नाही. मऊ ब्रशने हलके हलके घासतात. चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे अल्ट्रासोनिक यंत्रही असतं. त्यात सुटा केलेला बोर्ड द्रावणात ठेवून सूक्ष्म बुडबुड्यांनी चिपच्या खालपर्यंत साफ करतात.

घरातलं सॅनिटायझर चालेल का? नाही. त्यात पाणी असतं, घट्टपणा आणणारी रसायनं असतात, बहुतेक वेळा ग्लिसरीनही असतं. आपण जे काढायला निघालो तेच पुन्हा आत घालू. ७० टक्क्यांच्या अल्कोहोलातही उरलेले तीस टक्के पाणीच असतं. दुसरं काहीच नसेल तर ते चालवून घेता येतं, मात्र सुकायला जास्त वेळ द्यावा लागतो. अल्कोहोल चटकन पेट घेतं, तेव्हा बॅटरी सोडवलेली, खिडकी उघडी आणि जवळ ज्योत नाही, हे बघूनच हात लावायचा. स्क्रीनवर ते अजिबात ओतू नये, आतले पातळ पडदे डागाळतात.

## मग मी स्वतः उघडू का?

तुमच्या हाताला स्क्रू ड्रायव्हरची सवय असेल आणि तुमच्या मॉडेलचं उघडण्याचं वर्णन हाताशी असेल तर तळाचं झाकण काढून बॅटरीची जोडणी सोडवणं एवढं तरी जरूर करा. बाकी काही केलं नाही तरी चालेल. एवढ्या एका कामाने धातू झिजण्याचा वेग प्रचंड कमी होतो आणि तुम्हाला दुरुस्तीवाला शोधायला वेळ मिळतो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपची चौकट काढून जो स्क्रू जिथून निघाला तिथेच ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात आवळला तर तो बोर्डातच घुसतो. बॅटरीचं कनेक्टर प्लास्टिकच्या पातळ पट्टीने उचला, धातूच्या टोकाने नको.

सवय नसेल तर उघडू नका, आणि लॅपटॉप सुरू न करता त्याच दिवशी माहितगाराकडे न्या. दोन दिवस वाळवून मग नेऊ, असं करू नये. वाळण्याआधी डाग काढणं सोपं असतं.

आजूबाजूला कोणीच नसेल आणि नुसतं साधं पाणी सांडलं असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे पालथा ठेवून कमीत कमी ४८ ते ७२ तास थांबा. ही नाइलाजाची वाट आहे. तीत डाग जात नाही.

## पण माझा तर नीट चालतोय

बहिणीचाही चालत होता. थेंब मोक्याच्या जागी पडला नाही एवढंच त्यातून कळतं. किबोर्डखाली प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात, त्यांच्यावर विजेच्या वाटा छापलेल्या असतात. थोडं पाणी असेल तर बहुतेक वेळा ते तिथेच अडकतं आणि मग एक बटण दाबलं की तीन अक्षरं उमटतात किंवा एखादी ओळच मुकी होते. असं झालं तर किबोर्ड बदलून काम भागतं. काही लॅपटॉपमध्ये किबोर्डखाली ताटलीसारखी सोय आणि पाणी खाली सोडणारी भोकं असतात. त्यांच्यामुळे बंद करायला वेळ मिळतो, पण तीही ठरावीक पाण्यापुरतीच. तळाला अशी भोकं असतील तर पालथा करायचा की सरळ ठेवायचा, ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावं.

लॅपटॉप चालू असला तरी सांडल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत तो एकदा उघडून बघून घ्यावाच. आणि त्याआधी, तो सुरू आहे म्हणून मोह झाला तरी, चार्जिंगला लावू नये. चार्जरचे १९-२० व्होल्ट आत गेले की कारखान्याला नवं इंधन मिळतं.

## फाइल सेव्ह केली नव्हती, डेटाचं काय?

बटण दाबून धरल्यामुळे शेवटची काही मिनिटांची मेहनत जाईल, हे खरं. पण बहुतेक प्रोग्राम स्वतःहून अधूनमधून प्रत ठेवतात, आणि त्या दहा ओळींसाठी थांबताना पणाला सगळा लॅपटॉप लागलेला असतो.

जुना डेटा बहुतेक वेळा सुरक्षित असतो. एसएसडी म्हणजे माहिती साठवणारी पट्टी, आणि अनेक लॅपटॉपमध्ये ती सुटी काढता येते. एका छोट्या डबीत बसवून यूएसबीने दुसऱ्या संगणकाला जोडली की फाइली दिसतात. दोन अडचणी मात्र येतात. काही पातळ लॅपटॉपमध्ये एसएसडी बोर्डावरच सोल्डर करून कायमची बसवलेली असते, तिथे बोर्ड जिवंत केल्याशिवाय डेटा मिळत नाही. दुसरी म्हणजे कुलूप. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट सुरू असेल तर डिस्कवरची माहिती सांकेतिक रूपात असते. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की जवळ नसेल तर पट्टी हातात असूनही ती उघडत नाही. ही की कुठे ठेवलीय ते आजच, लॅपटॉप कोरडा असतानाच, बघून ठेवा.

## दुरुस्तीला देताना खरं सांगायचं की नाही?

"आपोआप बंद पडला" असं सांगणारे बरेच असतात. वॉरंटी जाईल ही भीती असते. पण नेहमीच्या वॉरंटीत सांडलेल्या द्रवाचं नुकसान बहुधा धरलेलंच नसतं, त्यासाठी अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. आणि लपवून उपयोग नाही. अनेक लॅपटॉपमध्ये आत छोटे पांढरे ठिपके चिकटवलेले असतात, ते ओल लागली की लाल होतात. पहिला स्क्रू निघाल्यावर दोन मिनिटांत सगळं कळतं.

काय सांडलं, साखर-दूध होतं का, कधी, कोणत्या बाजूला, आणि त्यानंतर किती वेळा सुरू करून पाहिला, एवढं चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपबरोबर द्या. बहिणीने मला सुरुवातीला फक्त "चालत नाहीये" एवढंच सांगितलं होतं. म्हणून मी आधी चार्जर तपासला, मग चार्जर लावून दोनदा बटण दाबलं. चहाचं तिने सांगितलं ते संध्याकाळी. बोर्ड गेला, एसएसडी काढता येण्यासारखी होती, तिचे फोटो आणि कामाच्या फाइली त्याच रात्री मिळाल्या.